कोरडी तोटी

घाटंजीकडच्या एका तांड्यावर हातपंपाच्या फ्लोराइडयुक्त पाण्याने मुलांचे दात पिवळे पडत, म्हणून विद्यापीठाच्या अनुदानातून आम्ही घरोघरी फिल्टर बसवले. काही चुकत असेल तर वेळीच बदलता यावं, यासाठी दरमहा अंतर्गत तपासणी माझ्याकडे होती. फिल्टर नेहमी लखलखीत, वर ताजं हळदीकुंकू. मी ‘वापर उत्तम’ लिहायचे.

एकदा तहान लागली म्हणून एका घरात तोटी फिरवली. थेंबही आला नाही.

घरची म्हातारी म्हणाली, “तू येतं म्हून पुसून ठेवतो वं बाई. याचं पानी कडू लागते. लेकरं हातपंपाचंच पेतेत. लिवून घे.”

चूक सुधारायला प्रकल्पाचं अख्खं वर्ष बाकी होतं. तरी मी ‘वापर उत्तम’ लिहिलं.

आता कुठलाही नळ उघडला, की पाणी येईपर्यंत ‘लिवून घे’ ऐकू येतं.