मोठ्या बरणीत हात

उदगीरच्या स्टँडवर हैदराबादची बस लागली, तेव्हा आईनं माझ्या मांडीवर लोणच्याच्या दोन बरण्या ठेवल्या, एक मोठी, एक चिमुकली. "मोठीत रोज हात घालू नकोस. आठवड्याचं छोटीत काढून घेत जा." बाबा खिडकीखाली उभे होते. "काहीतरी शोधून दाखव," एवढंच म्हणाले. डीएनएवर पीएचडी करायला निघालेल्या मुलीला लोणच्याचे धडे! मी मान डोलावली आणि बस सुटल्यावर मनसोक्त रडले.

हैदराबादेत नल्लकुंट्यात एक पोर्शन मिळाला, म्हणजे भाड्याची खोली आणि चिंचोळं स्वयंपाकघर. घरची आठवण आली की मोठी बरणी उघडायची. महिन्याभरात लोणच्याला बुरशी आली. आईला कळवलं नाही.

तुटलेला डीएनए सांधणारं एक प्रथिन असतं. पेशींवर किरणं सोडल्यावर ते किती उरतं, हे मला पाहायचं होतं. नुसतं ते दिसत नाही. त्यालाच नेमकी चिकटणारी अँटिबॉडी लावली की फिल्मवर काळी रेघ उमटते. ही अँटिबॉडी परदेशातून मागवावी लागते, येते बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत. मी ती रोज फ्रीझरमधून काढायचे, वितळवायचे, थेंबभर घ्यायचे, परत गोठवायचे.

रेघ दिवसेंदिवस फिकी होत गेली. म्हणजे प्रथिन नाहीसं होतंय! मला आभाळ ठेंगणं झालं. माझ्या गाईड सरांच्या आधी बाबांना फोन केला, आणि बाबांनी गल्लीत पेढे वाटले.

लॅबचं सामान सांभाळणाऱ्या विजया अक्का सिकंदराबादच्या, आयुष्य याच कामात गेलेलं. त्यांनी मला बाटली वितळवताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "क्या अम्मा, रोज वहीच शीशी निकालरे? वो तो कब की मर गई! छोटे ट्यूबां में बाँट के रखना ना."

नवी बाटली आली. तेच जुने नमुने पुन्हा लावले. सगळ्या रेघा सारख्या, काळ्याभोर. रोजच्या गोठवण्या-वितळवण्यानं अँटिबॉडीच निकामी झाली होती; प्रथिन जागच्या जागी होतं आणि माझा शोध बुडाला होता.

सरांना सांगणं बाबांना सांगण्यापेक्षा सोपं गेलं. मग बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "पेढे काय, लोकांनी खाल्ले. खोटं तर लिहिलं नाहीस ना? मग झालं." मागून आईनं फोन ओढून घेतला. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "आणि लोणच्याचं काय झालं?"

मी खरं सांगितलं. इतकी हसली ती, की मलाही हसू फुटलं.

पुढे पीएचडी झाली, नोकरीही इथेच लागली. नवी बाटली आली की आता आधी ती छोट्या ट्यूबांत वाटते, मग चहा. आईचा मात्र माझ्यावर अजून भरवसा नाही; लोणचं ती सहा छोट्या बरण्यांत भरूनच पाठवते. रविवारी विजया अक्का पप्पू, म्हणजे त्यांच्याकडचं घट्ट वरण, घेऊन येतात, आम्ही एक बरणी उघडतो. "थोडा तीखा कम है," असं दर वेळी म्हणत अक्का तिसऱ्यांदा वाढून घेतात.

तेव्हा रोज घरची आठवण काढून बसायचे आणि रोज रडायचे. आता तसं होत नाही. मोठी बरणी आता उदगीरलाच असते, आईच्या हाताशी. माझ्या वाट्याची छोटी इथे फडताळात आहे, आणि ती मला पुरते.