हातावरचं मीठ

मिठाच्या बरणीचं झाकण काढलं की त्या ओल्या, खाऱ्या वासासरशी मला ती सकाळ आठवते. कल्याणहून आगगाडीत बसून मी ठाण्याला सासरी आले, तेव्हा अंगावरचं लुगडंही मला नीट सावरता येत नव्हतं. सासूबाई मीठ कधी हातात देत नसत; वाटी खाली ठेवत आणि मग मी ती उचलायची. हातात दिलं की भांडण होतं म्हणे. खाडीवरच्या मिठागरातली एक बाई टोपली घेऊन दारावर मीठ विकायला येई. एका सकाळी तिला मी हळूच विचारलं, "तुमचे हात तर दिवसभर मिठातच, मग तुम्ही रोज भांडता का हो?" ती खदखदून हसली. "भांडत बसलो तं मीठ कोन भरंल, बाय?" असं म्हणत तिने माझ्या तळहातावर मूठभर मीठ ठेवलं. मी वाट पाहिली; काहीच झालं नाही. हरखून आत धावले आणि तेच मीठ सासूबाईंच्या हातावर ओतलं. त्या अशा कडाडल्या, की मीठवाली, तिची टोपली आणि माझं माहेर, काही म्हणता काही सुटलं नाही. परवा माझी सून विचारत होती, हातात दिलं तर खरंच काय होतं? मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "उचल मुकाट्याने. मी करून पाहिलंय."