पिलाचा आवाज

आखातात, वफ्राला कफिलाच्या, म्हणजे माझ्या अरब मालकाच्या शेतावर मी पंप आणि वायरिंग बघायचो. त्या मार्चमध्ये माझं कामात लक्षच नव्हतं. गावी बायकोचे दिवस भरत आलेले, आणि इकडे माझ्या सुट्टीच्या कागदावर कफील काही सही करेना. "बुकरा," म्हणायचा. म्हणजे उद्या. त्याचा उद्या कसला उजाडतोय! चहा घेतला की अर्धा टाकून उठायचो, धडधाकट पंपाचं झाकण उगाच उघडून बघायचो, पुन्हा बंद करायचो.

त्यातच एक कोल्हा जाळीखाली उकरून कफिलाची कबुतरं न्यायला लागला. कफिलाचा सगळा जीव त्या कबुतरांत. आणि माझीच जीभ वळवळली! गावी माझा काका कलिंगडाच्या मळ्यात आवाज देऊन कोल्ह्याला बोलवायचा, मलाही येतं, अशी मी बढाई मारली. वर करूनही दाखवलं. हाताच्या पाठीला ओठ चिकटवून हवा आत ओढली, की जखमी सशासारखी किंकाळी निघते. कफील खुर्चीतून उठलाच.

"इन्ता आवाज, मैं बंदूक," तो म्हणाला. "बादेन छुट्टी." आवाज माझा, बंदूक त्याची; आधी कोल्हा, मग सही. झालं!

दोन दिवस ऊन उतरलं की आम्ही दोघं कुंपणाच्या आत, चाऱ्याच्या गंजीआड दबा धरून बसलो. मी सशाचा आवाज काढायचो. कोल्हा दिसायचा, पण लांबच. वाऱ्याचा अंदाज घेत मोठा वळसा घालायचा आणि आमचा वास लागला की पसार. मग कफील माझ्याकडे असा बघायचा, की जणू मीच त्याला पळवलं. दुसऱ्या दिवशी खोलीवर परतलो तर आईचा फोन. "तिका कळा येतत नि जातत. तू येतंस मां रे?" येतो म्हटलं. काय सांगणार दुसरं?

तिसऱ्या संध्याकाळी मी पिलाचा आवाज काढला.

हा आवाजही काकानेच शिकवला होता, पण शिकवतानाच दम भरला होता. "शिकान ठेव, पण पिलाच्या आवाजान आयशीक हाक मारूची नाय. कळला मां?" का, ते तेव्हा मी विचारलं नव्हतं. मला कलिंगडं राखायची होती, एवढंच कळत होतं.

बारीक, तुटक, चारच वेळा कुंईकुंई केलं. वाळूच्या बांधावरून ती आली. कोल्हीण होती. वळसा नाही, वारा बघणं नाही, सरळ माझ्या दिशेने धावत आली. पोट खपाटीला गेलेलं आणि खाली दुधाने भरलेली आचळं. मला दिसली ती. अगदी स्वच्छ दिसली. मी नुसता खोकलो असतो तरी ती वळली असती. मी खोकलो नाही.

कफिलाने माझी पाठ थोपटली आणि गाडीच्या बॉनेटवरच कागद ठेवून सही केली. बांधापलीकडे पिलं असणार, हे मला ठाऊक होतं. मी बघायला गेलो नाही. मी बॅग भरत होतो.

घरी पोचलो तेव्हा मुलगी पाच दिवसांची होती. बायको न्हाणीत होती. आईने पोरगी माझ्या हातात दिली. माझा हात राकट, नवखा. तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागली. बारीक, तुटक आवाज.

न्हाणीचं दार धाडकन उघडलं. ओल्या केसांनी, अनवाणी, बायको धावत आली. "अगो, सावकाश, टाके आसत तुझे!" आई ओरडली. ती थांबली नाही, इकडेतिकडे बघितलंही नाही. सरळ माझ्याकडे आली.

पोरीला छातीशी घेऊन ती हसली. सात महिन्यांनी मला बघत होती. "काय केलात तिका?" तिने विचारलं.