दुकानात उन्हाळा, घरात हिवाळा

हिवाळा सरत आला की लाँड्रीवाल्याच्या अंगात ज्योतिषी संचारायचा. "संपली थंडी!" काउंटरवर हात आपटून तो जाहीर करी. "लोकरीचे कोट द्या धुवायला. पुढचे तीन आठवडे नुसतं ऊन." आपले अंदाज किती खरे ठरतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्याने असंच छातीठोकपणे सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी गारा पडल्या. त्या बघायला तो पातळ सदऱ्यात बाहेर गेला आणि आठवडाभर शिंकत बसला. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. शिवाय कोट आल्याशिवाय या दिवसांत त्याचा धंदा चालत नव्हता.

यंदा मात्र या हवामानखात्याची दोन कार्यालयं झाली होती. दुसरं घरी.

ऐन थंडीत बायकोला न्यूमोनिया झाला होता. तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर त्याचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद राहिलं होतं. आता ती बरी होती. हवा निवळली की रोज थोडं चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सकाळी चप्पल शोधत ती विचारी, "आज कसं आहे हो बाहेर?" आणि खिडकीत लख्ख ऊन असताना हा गडी सांगे, "दिसतं तसं नाही ते. वारा कसला बोचरा आहे! अजून तीन आठवडे तरी असंच." मग दुकानात येऊन तेच तीन आठवडे उन्हाचे म्हणून खपवी. 'लबाडा, तोंडघशी पडशील एक दिवस,' इस्त्री फिरवताना तो स्वतःला बजावी. पण तिचा तो खोकला आठवला की दुसऱ्या दिवशी वारा पुन्हा बोचरा होई.

पितळ उघडं पाडलं शेजारणीने. दुकानात कोट देऊन ती थेट त्याच्या घरी गेली. "वहिनी, थंडी संपली म्हणे. भाऊजींनीच सांगितलं."

थोड्या वेळाने दुकानात गिऱ्हाइकं कोट घेऊन उभी असताना बायको दारातून आत आली. एकटी, चालत, धापा टाकत. अंगातला कोट काढून तिने काउंटरवर ठेवला.

"घ्या धुवायला."

"अगं, पण तुझा..."

"संपली ना थंडी?"

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. बाहेर मघाचं ऊन गेलं होतं आणि काचेवर थेंब आपटत होते. हो म्हणावं, तर ही कोटाशिवाय घरी जाणार. नाही म्हणावं, तर धंदा बुडणार. हात दाखवून अवलक्षण ते हेच, त्याला वाटलं.

"नाही संपली," तो म्हणाला. "कधी संपेल कोण जाणे. तीन आठवड्यांचं सोड, मला घटकाभराचंही कळत नाही. मला भीती वाटते गं. म्हणून तुला घरात डांबलं."

मग एकेक गिऱ्हाईक आपापला कोट अंगात चढवून बाहेर पडलं. तो काउंटरमागून आला, तिला कोट घातला, गळ्याजवळचं बटण दोनदा तपासलं.

"मी उद्यापासून रोज चालणार आहे," ती म्हणाली.

"मीही येतो. आता दुकानात कोण येतंय?"

"आणि तुमचा कोट?"

त्याने मागच्या दोरीकडे बोट दाखवलं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याने आज सकाळी सगळ्यांत आधी स्वतःचाच कोट धुतला होता. तो अजून ठिबकत होता.

ती खळखळून हसली. तो कान देऊन खोकल्याची वाट बघत राहिला. खोकला आलाच नाही.