लोपीस कोणाचा?

गास गावचे कॉन्रॅड अंकल संशयी आहेत असं म्हटलं, तर आधी त्यांना संशय येतो की हे म्हणालं कोण. दुधाच्या पिशवीवरची तारीख ते दोनदा वाचतात आणि मग शेजारच्या पिशवीशी ताडून बघतात. चौतीस वर्षं त्यांनी पापडी गावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासली. लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या भावाचं नाव छापलेलं ज्याने एकदा पाहिलंय, तो माणूस पुन्हा कशावर विश्वास ठेवणार?

छापखाना बंद पडला आणि अंकल कॉम्प्युटर शिकले. आता कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करणारी आमच्या भागातली मुलं थिसिस घेऊन त्यांच्या ओट्यावर येतात. या मुलांसाठी अंकलनी एक वही केली आहे. तीत लिखाणाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची नोंद आहे, पण स्थळं बघावीत तशी.

‘लेटेक, थिसिसची पानं मांडून देणारा: कडक स्वभाव. एक कंस विसरलात तर अख्खं पान अडवून धरतो. पण खोटं बोलत नाही.’

‘ऑनलाइन लिहायची जागा: सोय चांगली. मात्र थिसिस दुसऱ्याच्या घरात आणि किल्लीही त्याच्याकडे. एक प्रत आपल्या कपाटात ठेवावी.’

‘इंग्रजी सुधारून देणारा एआय: फार गोड बोलतो. सांभाळून.’

मार्चमध्ये नंदाखाल गावची शर्ली आली. थिसिस सोमवारी जमा करायचा होता. तिच्याच विभागातल्या एकाच्या यादीत दोन संदर्भ बनावट निघाले होते. म्हणजे अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध. त्याची नोंदणी रद्द झाली होती.

“अंकल, चार वर्षं गेलीत माझी यात. एकदा नजर टाका ना.”

“नजर टाकत नसतो मी. तपासतो,” अंकल म्हणाले. “यादी कोणी केली?”

“मीच. फक्त शेवटच्या प्रकरणाचं इंग्रजी जरा एआयकडून...”

“जरा?”

“म्हणजे... पूर्ण प्रकरण.”

अंकलनी चष्मा पुसला.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जोडप्याची नावं पुकारतात. कोणाची हरकत असेल तर त्याने येऊन सांगावं. अंकलनी संदर्भांनाही तोच कायदा लावला आहे. प्रत्येक निबंध तीन ठिकाणी सापडला पाहिजे: ज्या अंकात छापला त्या अंकात, ग्रंथालयाच्या सूचीत आणि लेखकाच्या स्वतःच्या पानावर.

यादीत एकशे त्रेचाळीस संदर्भ होते. शनिवारी दुपारपर्यंत अंकलनी फिनलंडच्या एका प्राध्यापकाला चोर ठरवलं होतं, कारण त्याच्या आडनावात पाच स्वर ओळीने आले होते. शेवटी तो तिन्ही ठिकाणी सापडला. अंकल नाराज झाले. एका चिनी बाईंवर त्यांनी दीड तास पाळत ठेवली. त्याही खऱ्या निघाल्या.

“झालं,” त्यांनी यादी मिटायला घेतली. “सगळे सज्जन आहेत.”

अंकलची बायको क्लेमेंटीन आंटी शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान तिरकी करून यादीत डोकावलं.

“हा एकशे बारावा. ई. लोपीस. याच्यापुढे एकच टिक कशी? बाकीच्यांना तीन तीन आहेत.”

“अगं, लोपीस! आपलाच माणूस.”

“कोणाचा?”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणाचा मुलगा? एडवर्डचा बँकेत आहे. एरॉल कुवेतला. भुईगावच्या लोपिसांकडे तर तिन्ही मुलीच. यातला कॉम्प्युटरवर निबंध लिहिणारा कोण, ते सांगा मला.”

“जगात दुसरे लोपीस नाहीत का? गोव्यात असतील, ब्राझीलमध्ये असतील...”

“मग तो आपला कसा?”

अंकलनी यादी मिटली.

“आणि आपला असला तरी काय झालं?” आंटींनी शेंग मोडली. “चर्चमध्ये तीन रविवार नावं कोणाची पुकारतात हो? आपल्याच माणसांची ना? की फिनलंडवाल्यांची?”

अंकलनी यादी पुन्हा उघडली. अंक सापडला, पण त्या पानावर दुसऱ्याच कोणाचा तरी निबंध होता. सूचीत लोपीस नव्हता. त्याचं स्वतःचं पान नव्हतंच. त्यांनी शर्लीला फोन लावला.

“शर्ली, एकशे बारावा तू वाचलायस?”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. “अंकल, हा माझ्या जुन्या यादीत नाहीच आहे. एआयनेच घुसवला असणार. शेवटच्या प्रकरणात त्याच्यावर एक परिच्छेद उभा आहे.”

“मग तो पाड. अजून उद्याचा रविवार आहे.”

परिच्छेद पडला. शर्लीने त्याच्या जागी स्वतःचा, थोडा ओबडधोबड, पण खरा परिच्छेद लिहिला. सोमवारी थिसिस जमा झाला आणि नाताळाआधी शर्ली डॉक्टरही झाली.

बांधलेली प्रत घेऊन ती ओट्यावर आली तेव्हा अंकलनी आधी आभाराचं पान उघडलं. त्यांच्या नावाच्या वर क्लेमेंटीन आंटींचं नाव होतं. अंकलनी पेन्सिल काढली आणि त्या नावापुढे प्रश्नचिन्ह केलं.

“कोण आहे ही बाई? तीन ठिकाणी सापडली पाहिजे.”

“स्वयंपाकघरात, चर्चमध्ये आणि तुमच्या डोक्यावर,” आंटी आतून ओरडल्या. “करा टिक.”

अंकलनी तीन टिका केल्या. तपासून.