पुन्हा नीटला बसायचं की नाही

तारीख एकवीस जून, शनिवार संध्याकाळ. रक्कम पंचवीस हजार रुपये. हजर चौघे: मी, माझी पत्नी, आमची मुलगी आणि शेजारच्या घरात राहणारे माझे थोरले भाऊ. त्यांना घरात सगळे नाना म्हणतात. नीट पुन्हा देणाऱ्या मुलांसाठी नगरच्या एका क्लासने वेगळी तुकडी काढली होती आणि तिच्यात मुलीची जागा सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. पंचवीस हजार भरले नाहीत तर जागा जाणार होती. भरले तर ते परत मिळणार नव्हते.

मुलीला गुण कमी पडले असते तर बैठक पाच मिनिटांत उठली असती. अडचण अशी की गुण चांगले होते. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात एवढे आजवर कुणाला पडले नव्हते. त्यावर सरकारी कॉलेजात बीएएमएस मिळण्यासारखं होतं. सरकारी एमबीबीएस थोडक्यात हुकत होतं. खासगीची फी मी एकदा कागदावर मांडली आणि तो कागद फाडून टाकला. शिवाय पुढच्या वर्षी परीक्षा दिली की यंदाचे गुण धरत नाहीत. तेव्हा कमी पडले, तर आज हातात असलेलं बीएएमएसही गेलं.

त्यात नानांनी निकालाच्याच दिवशी चौकात फ्लेक्स लावला होता. फेटा बांधलेली मुलगी, गळ्यात फोटोवर चिकटवलेला स्टेथोस्कोप, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘एमबीबीएससाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. निवडीची यादी अजून लागायची होती. नानांच्या लेखी तो किरकोळ तपशील होता.

“पुन्यांदा परीक्षा?” नाना म्हणाले. “गाव तिला डॉक्टर म्हनाया लागलंय. काल दूधवाला गुडघा दाखवून गेला.”

“यादी लागेपर्यंत तरी थांबायचं होतं,” पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली.

“आता फ्लेक्स काढला तर लोकं म्हनतील, पोरगी नापास झाली. आन् आयुर्वेदाचा डॉक्टर काय डॉक्टर न्हाई व्हय?”

ते चुकीचं बोलत नव्हते. मी मनातून त्यांच्याच बाजूचा होतो.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लिपिक आहे. आमच्याकडे रीत अशी की उसाच्या गाडीचं वजन कमी भरलं असं ड्रायव्हरला वाटलं, तर त्याला फेरवजन मागता येतं. पण मग दुसरं वजनच धरायचं, ते पहिल्यापेक्षा कमी भरलं तरी. ही रीत मुलीला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मी तिला तेवढंच म्हणालो, “फेरवजन आहे हे. कमी भरलं तर पहिली पावती दाखवता येणार नाही.”

ती म्हणाली, “पप्पा, फेरवजन सगळेच ड्रायव्हर मागतात?”

“नाही. बहुतेक कुरकुर करून निघून जातात.”

“मग मागतं कोण?”

“गाडी भरताना जो स्वतः उसाच्या फडात उभा होता, तो.”

“मी उभी होते,” ती म्हणाली. “फिजिक्सचे शेवटचे आठ प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत. बायोलॉजी दोनदा तपासत बसले. येत नव्हते म्हणून नाही, वेळ संपला म्हणून राहिले, पप्पा. घरी येऊन सोडवले तर सहा बरोबर आले.”

“आन् पुढल्या साली वाचून बी चुकले तर?” नानांनी विचारलं.

“तर चुकले, नाना. बीएस्सीला जाईन. तुम्हाला कुणाला बोल लावणार नाही.” तिनं मान खाली घातली नाही. “फक्त तो फ्लेक्स काढा. त्याच्याखालून रोज एसटीला जायचं म्हणजे…”

चहा उतू गेला तशी पत्नीनं गॅस बंद केला. नानांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. मी सगळी बेरीज-वजाबाकी पुन्हा मनात केली आणि उत्तर पहिल्यासारखंच आलं: बीएएमएस घ्यावं. पण परीक्षेच्या हॉलमध्ये मी नव्हतो, ती होती.

“सोमवारी पहिल्या एसटीनं जाऊ,” मी म्हणालो.

नाना उठून घरी गेले. रविवारी सकाळी चौकात स्वतः शिडी लावून त्यांनी फ्लेक्स उतरवला. का काढला म्हणून विचारणाऱ्यांना सांगितलं, “पावसाचं कडब्याच्या गंजीवर टाकायला पाह्यजे.” आणि खरोखरच तो गंजीवर टाकला, छापील बाजू खाली करून.

सोमवारी नगरला क्लासच्या कार्यालयात पंचवीस हजार भरले. पावती मुलीच्या नावानं घेतली. परत येताना पाथर्डीत उतरून नानांकडून फ्लेक्सवाल्याचे द्यायचे राहिलेले सातशे रुपये त्याला दिले.