मामांची मोटार आणि माझं मोठ्ठं बटण

हसणार नसाल तर सांगतो. हसालच म्हणा, पण चहा संपेपर्यंत तरी धीर धरा!

मी बीडला ॲप बनवतो. सिरसाळ्याच्या मामांसाठी विहिरीवरची मोटार चालवायचं ॲप केलं. फोन, टीव्ही, मनगटी घड्याळ, कुठंही उघडा, एकच बटण. दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मामांची बोटं जाड, म्हणून घड्याळाच्या अख्ख्या काचेचंच बटण केलं. काय हुशारी, नाही का?

ते दाखवायला शेतावर गेलो. वीज बारापर्यंतच आणि कांद्याच्या रोपांनी माना टाकलेल्या. मामांनी फोनवर बटण दाबलं. पाणी धो-धो! मामांनी पाठ थोपटली. मी नम्रपणे हातावर हात धरून उभा राहिलो.

मोटार बंद!

"कावून बंद पडली बे?"

मला काय माहीत? घरी मामींना फोन लावला. "मामी, टीव्हीवरचं बटण दाबलंत का?"

"मी कशाला दाबू? भाकरी थापायलेय मी!"

तरी टीव्हीची पिन काढायला लावली. तेवढ्यात मोटार आपोआप सुरू! मामा खूश होतायत तोवर बंद! आता मामांवरच संशय. त्यांचा फोन काढून घेतला, बंद केला. तरी तेच! मग कोण? विहिरीतलं भूत?

"अकरा वाजले बे! कांदा जळंल माझा!" मामा ओरडले.

शेवटी स्टार्टर बसवणारे रफीकभाई आले. पेटी उघडली, तारा तपासल्या. "मशीनमधी खोट न्हाई." मग बराच वेळ माझ्याकडंच बघत बसले.

"साहेब, एक इचारू? तुमी मनगट आवळलं की मोटार बंद पडती. परत आवळलं की सुरू. बाहीत काय हाय?"

बाहीत काय असणार? घड्याळ! काळजी वाटली किंवा कुणी कौतुक केलं की डावं मनगट उजव्या मुठीत धरायची माझी जुनी खोड. आणि काचभर बटण कुणी केलेलं? मीच!

घड्याळ काढून बांधावर ठेवलं. मोटार बारापर्यंत एकदाही थांबली नाही. निम्मा कांदा तरी भिजला.

निघताना मामा म्हणाले, "ॲप लई भारी हाय बे. समद्या यंत्रांवर ऱ्हाऊ दे. तेवढं तुझ्या हातात ठेवू नको!"